साखर, प्रति किलो

१

साखरेच्या पाकिटावर छापलेले सगळे एका बैठकीत वाचून काढले. निव्वळ वजन. कमाल किंमत. बॅच. पॅक केल्याचा महिना. शंभर ग्रॅममागे ऊर्जा किती. परवाना क्रमांक. आणि हिरवा ठिपका, म्हणजे शुद्ध शाकाहारी.

२

वस्तू कुठे जन्मते, कशी वापरली जाते, शेवटी कुठे टाकली जाते, आणि या वाटेवर हवा-पाण्याचे काय होते, याचा हिशेब मांडायची एक पद्धत आहे : जीवनचक्र मूल्यमापन. तिचा एक आरंभ १९६९चा. कोका-कोलाने तेव्हा बाटल्या आणि डबे यांची तुलना करवून घेतली. त्याच वाटेवर माणसांचे काय होते, हा हिशेब बराच मागून आला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्याची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये काढली. बाटली माणसाहून चाळीस वर्षांनी थोरली.

३

पद्धतीचा पहिला नियम : आधी एकक ठरवा. एक शर्ट, एक लिटर दूध, एक किलो साखर. मग त्या एका किलोचे शेपूट धरून मागे मागे जायचे. एका किलोला नऊ-दहा किलो ऊस लागतो. तो कोणी तरी लावलेला असतो, कोणी तरी तोडलेला असतो.

४

उसाच्या फडातही एकक ठरलेले आहे : एक कोयता. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. एकटा गडी आला तर अर्धा कोयता. मुकादमाच्या वहीत एका कोयत्यापुढे बहुधा एकच नाव असते. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, तीही त्याच नावावर.

५

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एका टनातून शंभर-एकशेदहा किलो साखर निघते. म्हणजे किलोमागे साडेतीन रुपयांच्या आसपास. दोघांना मिळून. तोडायचे, पाचट काढायचे, मोळी बांधायची, डोक्यावरून फळीने चढून गाडीत रचायची, हे सगळे त्या साडेतीन रुपयांत.

६

२००९ च्या तत्त्वांत ‘कामगार’ हा पहिला गट. वाजवी वेतन, कामाचे तास, सक्तीची मजुरी, बालमजुरी, संघटनेचे स्वातंत्र्य असे पोटभाग पाडून विचारायचे. प्रश्न चांगले आहेत. ते विचारायचे मात्र मालकाला, आणि इथे मालक सापडत नाही. कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी. मुकादम म्हणतो, मी तरी कोण, कालपर्यंत मीही कोयताच चालवत होतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातून कापला जातो, म्हणून पैसे आपण देतो असे शेतकरी म्हणतो. तेही खरे. पण टोळी त्याच्या फडात कधी येणार, हे त्याच्या हातात नाही.

पैसे देणारा एक, आणणारा दुसरा, राबवणारा तिसरा. प्रश्नावलीत मालकासाठी रकाना एकच.

७

दिवाळीला कारखान्याच्या सभासदांना सवलतीची साखर मिळते. बीडच्या टोळ्या त्याच सुमारास घर सोडतात.

८

‘कामाचे तास.’ पहाटे तीन-चारला कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, चूल पेटते. भाकऱ्या, पाणी, मग फड. दुपारी मोळ्या. गाडी संध्याकाळी येईल किंवा रात्री अकराला येईल, आली की भरायची. मजुरी टनावर, तासावर नाही, त्यामुळे तास कोणीच लिहीत नाही. कारखान्याचा स्लिपबॉय वजन लिहितो.

९

त्या वजनाबद्दल शेतकरी संघटनांची जुनी तक्रार आहे : काटा मारतात. शेतकऱ्याचा ऊस ज्या काट्यावर कमी भरतो, तोडणाऱ्याची मजुरीही त्याच काट्यावर कमी भरते. दोघांनी मिळून काट्यापुढे ठाण मांडल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही.

१०

बर्लिनमध्ये एक विदागार आहे, पीसिल्का नावाचे. जगभरचे उद्योग, देशवार, आणि प्रत्येकातली सामाजिक जोखीम. मोजमाप ‘मध्यम जोखमीच्या तासां’त. जोखीम मध्यम असेल तर कामाचा एक तास एकच धरायचा. जास्त असेल तर दहा. अतिजास्त असेल तर शंभर. अगदी कमी असेल तर एका तासाचा शंभरावा भाग.

युरोपातली बिस्किट कंपनी आपल्या बिस्किटातली साखर या यंत्रात घालू शकते. पलीकडून आकडा येतो. दशांश चिन्हासकट.

११

असा आकडा देशाच्या आणि उद्योगाच्या सरासरीवर उभा असतो. भारत, ऊस. उत्तर प्रदेशात शेतकरी स्वतःच तोडणी करून घेतो आणि कारखान्याची पर्ची आली की ऊस तिथे नेऊन टाकतो. उचल, मुकादम, टोळी, तीनशे किलोमीटरचे स्थलांतर ही महाराष्ट्राची रीत, थोडीफार कर्नाटक-गुजरातची. बीड आणि बिजनौर एका चौकटीत.

१२

दक्षिण गुजरातेतल्या बारडोलीच्या सहकारी कारखान्यांसाठी ऊस तोडायला खानदेशातून टोळ्या जात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये त्यावर लिहिले. लेखाच्या शीर्षकात गाळप दोन गोष्टींचे होते : उसाचे आणि मजुरांचे. तेव्हा जीवनचक्र हा शब्द फुलपाखरांसाठी होता.

१३

खाडा. एक दिवस कामावर नाही गेले की त्या दिवसाची मजुरी बुडते, वर दंड. पाचशे रुपयांपर्यंतचा दंड सर्रास सांगितला जातो. ताप आला, खाडा. मूल आजारी, खाडा. पाळी आली आणि उभे राहवत नाही, खाडा. फडाजवळ संडास नाही, न्हाणीघर नाही, पाण्याची खात्री नाही.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. म्हणजे शेकडा सतराच्या जवळ. देशात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण सुमारे तीन टक्के.

कारणे एका ओळीत बसत नाहीत. अंगावर जाणे, संसर्ग, ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी खासगी दवाखान्यातली भीती, आणि खाडा. शस्त्रक्रियेचे पैसे अनेकींनी मुकादमाकडूनच घेतले. ते उचलीत चढले. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामात फेडायची. म्हणजे शस्त्रक्रिया कामासाठी, आणि काम शस्त्रक्रियेसाठी.

नंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. फडात न्हाणीघर मात्र सक्तीचे झाले नाही.

१४

मूल्यमापनाच्या एका पद्धतीत गुण देतात : उणे दोन ते अधिक दोन.

१५

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के. बीडमध्ये ४३.७. मुलीला एकटीला मागे कुणाकडे ठेवायचे, हे एक कारण. दुसरे कारण चौथ्या टिपणात आहे.

१६

२०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वांची नवी आवृत्ती निघाली. आधी पाच गट होते : कामगार, स्थानिक लोक, समाज, ग्राहक, पुरवठा साखळीतले इतर. त्यांत सहावा वाढवला : मुले.

आपल्याकडे साखरशाळा त्याच्या कितीतरी आधीच्या. हंगामात कारखान्याच्या आवारात किंवा टोळीच्या तळावर भरणारी शाळा. काही चालल्या, काही कागदावर चालल्या. नंतर मुले गावीच राहावीत म्हणून संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहे मंजूर झाली, ४१ तालुक्यांत ८२. मंजूर आणि सुरू या दोन वेगळ्या क्रियापदांकडे सरकारी बातमी वाचताना लक्ष ठेवावे.

१७

‘स्थानिक लोक’ म्हणजे कुठले? कोल्हापूरच्या कारखान्याभोवतीची गावे मोजली जातात. धूर, मळीच्या पाण्याचा वास, रस्त्यावरची ट्रॅक्टरची रांग. पण त्याच कारखान्यामुळे बीड जिल्ह्यातला एखादा तांडा पाच महिने म्हाताऱ्यांच्या हवाली असतो, तो स्थानिक की परका? नकाशावर फार लांब, गव्हाणीत फार जवळ.

१८

जुन्नरकडे ऊस तोडताना बिबट्याचे बछडे सापडतात. तोडणी थांबते, वनखात्याचे लोक येतात, रात्री बछडे त्याच जागी ठेवून आईची वाट पाहतात. बहुतेक वेळा ती येते आणि घेऊन जाते. हे सगळे फार नीट, फार हळुवारपणे होते. सरीत झोळी बांधून झोपवलेल्या पोरासाठी असे पथक नाही. सहा गटांत बिबट्याही नाही. आणि उसाची गाडी ओढणारा बैलही नाही.

१९

विल्यम फॉक्स नावाच्या इंग्रजाने १७९१ मध्ये एक पुस्तिका काढली. वेस्ट इंडीजची, म्हणजे गुलामांनी पिकवलेली साखर खाऊ नका, असे सांगणारी. नुसता उपदेश नव्हता, हिशेब होता. आठवड्याला पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलो साखर खाणाऱ्या कुटुंबाने ती आणि त्या प्रमाणात रम २१ महिने सोडली, तर एका माणसाची गुलामी किंवा हत्या टळते. एकक आहे, कालावधी आहे, परिणाम आहे. आयएसओचे मानक तेवढे नव्हते. ते, क्रमांक १४०७५, २०२४ मध्ये आले.

२०

पुढे १८२०च्या दशकात इंग्लंडात साखरेचे खास वाडगे विकले जात. वर छापलेले : यातली साखर ईस्ट इंडियाची आहे, गुलामांनी केलेली नाही. सहा कुटुंबांनी वेस्ट इंडियाची सोडून ही घेतली तर एक गुलाम कमी लागेल. चहाच्या टेबलावर असे प्रमाणपत्र ठेवले की पाहुण्यांनाही कळते.

२१

हिंदुस्थानातल्या गुलामगिरीला कायद्याचा आधार राहणार नाही, असे ठरवणारा कायदा १८४३ चा. वाडगे आधीचे.

२२

एका वस्तूमागे गेले की दुसरी वस्तू लागते, हा या पद्धतीचा छळ. साखर पोत्यात भरायची. १९८७ च्या कायद्याने काही माल तागाच्या पोत्यातच भरावा लागतो, आणि साखरेपैकी २० टक्क्यांना ती सक्ती आहे. म्हणजे पन्नास किलोच्या त्या पोत्यामागे हुगळीकाठची गिरणी आली, गिरणीमागे ताग, ताग सडवायला कंबरभर पाण्यात उभा माणूस. थांबायचे कुठे? पद्धत म्हणते, सीमा आखा. आखणाऱ्याने आखली की पलीकडचे सगळे कोरडे.

२३

एप्रिल २०१६. लातूरला प्यायला पाणी नव्हते. मिरजेहून रेल्वेने पाणी गेले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. मिरज सांगली जिल्ह्यात, उसाच्या पट्ट्यात. लातूरही उसाचेच. राज्यातली चारेक टक्के जमीन उसाखाली, आणि सिंचनाचे निम्म्याहून अधिक पाणी त्या जमिनीला. ज्यांच्या विहिरी आटल्या ते ऊस तोडायला गेले.

२४

वाटणीचा पेच. एकाच उसातून साखर निघते, चोयट्यापासून वीज निघते, मळीपासून मद्यार्क आणि इथेनॉल. आता ओझे कोणावर किती टाकायचे? पर्यावरणवाल्यांकडे तीन पर्याय आहेत : वजनाप्रमाणे, किमतीप्रमाणे, ऊर्जेप्रमाणे. कर्बवायू असा वाटता येतो. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते, त्यातले काही उसाचे, काही धान्याचे. तेव्हा तेराव्या टिपणातल्या १३,८६१ पैकी किती साखरेकडे, किती विजेकडे, किती गाडीच्या टाकीकडे? किमतीप्रमाणे वाटले तर इथेनॉलचा भाव वाढेल त्या वर्षी साखर थोडी निर्दोष होईल.

२५

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी महाराष्ट्रातल्या ऊसतोडीवर मोठा वृत्तांत छापला. कर्ज, बालविवाह, गर्भाशये. साखर कुणाकडे जाते याचाही माग काढला होता. पेप्सीको होती. आणि कोका-कोला.

२६

तपासनीस कारखान्यात येतो. हेल्मेट आहेत का, अग्निशामक सिलिंडरची तारीख, बॉयलरचा दाखला, महिलांसाठी स्वच्छतागृह. सगळे असते. कारखान्यात पगारी माणसे असतात, त्यांची संघटना असते, भविष्यनिर्वाह निधी असतो. फड त्याच्या वेळापत्रकात बसतोच असे नाही. बसला तरी दिवसा. गाडी रात्री भरतात.

२७

दुसरी बाजूही लिहून ठेवतो. टोळीला ‘खुशाली’ दिल्याशिवाय ऊस तुटत नाही, ट्रॅक्टरचालकाला ‘एन्ट्री’ दिल्याशिवाय गाडी निघत नाही, हे शेतकरी दरवर्षी सांगतो. दोन-दोन मुकादमांकडून उचल घेऊन गायब झालेल्या टोळ्या आहेत. त्यांच्यापायी ट्रॅक्टर विकावा लागलेले वाहतूकदार आहेत. आणि उचल वसूल करायला माणसे डांबून ठेवल्याचे गुन्हेही आहेत. तक्त्यात यांतल्या कुणालाही फक्त एका गटात घालायचे आहे.

२८

वाढे. उसाचा हिरवा शेंडा. कारखान्याला नको असतो. तोडणाऱ्या बायका त्याच्या पेंढ्या बांधून गोठेवाल्यांना विकतात. तेल-मीठ त्यातून. या साखळीत त्यांच्या हातात थेट पडणारी रोकड एवढीच. अहवालांच्या आकृतीत शेंडा ‘शेतातच सोडलेला अवशेष’ म्हणून जातो.

२९

हार्वेस्टर आले आहेत. सरकार अनुदान देते. यंत्राने तोडले की मध्यम जोखमीचे तास धाडकन खाली येतात आणि साखरेचा सामाजिक आकडा सुधारतो. ज्यांचे ते तास होते ते आता कुठे आहेत, हा दुसऱ्या वस्तूच्या अभ्यासाचा विषय.

३०

टाळेबंदी, मार्च-एप्रिल २०२०. गाळप संपत आलेले, टोळ्या कारखान्यांच्या तळांवर अडकलेल्या. एप्रिलच्या मध्यावर सरकारने त्यांना गावी जाऊ द्यायचे ठरवले, तेव्हा मोजणी झाली : सव्वा लाखाहून अधिक माणसे. कोयते नव्हेत, माणसे. साथीला नवरा-बायको वेगळे मोजावे लागतात.

३१

चांगलेही मोजावे, असे तत्त्वे सांगतात. तर प्रवरानगर : विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचा सहकारी कारखाना, पहिले गाळप १९५०–५१ च्या हंगामात. आज त्या परिसरात शाळा, अभियांत्रिकी, वैद्यकीय महाविद्यालय. सावकाराच्या तावडीतून सुटलेला शेतकरी. हे खोटे नाही, आणि लहानही नाही. साखरेने महाराष्ट्रात जेवढी महाविद्यालये बांधली तेवढी दुसऱ्या कुठल्या पिकाने बांधल्याचे मला ठाऊक नाही. अधिक दोन.

आता हे अधिक दोन आणि तेराव्या टिपणातले उणे दोन यांची बेरीज करू नये, असे जाणकार बजावतात. तरी तक्त्याखाली एक सरासरीची ओळ असतेच.

३२

गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगारांचे पुढारी होते. परळीच्या वैद्यनाथ साखर कारखान्याचे संस्थापकही तेच. आता त्यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. कारखान्याने टनामागे दहा रुपये द्यायचे, सरकारने तेवढेच घालायचे. किलोच्या भाषेत : वीस रुपये भागिले शंभर-एकशेदहा, म्हणजे वीस पैशांच्या आत.

३३

साखरेचा शेवट कुठे होतो? शर्टाची चिंधी होते, फोनचे भंगार होते. साखरेला कचरा नाही. ती अंगात जाते. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात मधुमेही १०.१ कोटी. कारणे अनेक, साखर एकटी आरोपी नाही. पण ‘ग्राहक’ या गटाखाली लिहायला काही नाही, असे तरी म्हणता येणार नाही.

डॉक्टरांनी साखर बंद केली, हे फॉक्सच्या पुस्तिकेपेक्षा जास्त परिणामकारक.

३४

एकक उलटे करून पाहिले. प्रति किलो नको, प्रति कोयता. चांगला कोयता दिवसाला दोन टन तोडतो असे धरू. हंगाम १२० दिवसांचा धरू. २४० टन ऊस, साधारण २५ टन साखर. माणशी वर्षाला वीस किलो धरले तर साडेबाराशे माणसांची वर्षाची साखर, चहा, शिरा, श्रावण, लग्ने, सगळे धरून. मजुरी, पाचव्या टिपणातल्या दराने, ८७,८४० रुपये. त्यातून उचल वजा.

३५

वरच्या हिशेबात खाडा धरलेला नाही.